"चॅम्फर एक... ठेवा": मच्छेतल्या ऑफिसची मंगळवारची मीटिंग

"चॅम्फर एक नको, पॉइंट फाइव्ह ठेवा." पुण्याचे क्वालिटीचे साहेब एवढंच म्हणाले होते. (चॅम्फर म्हणजे पीसची धार तिरकी कापणं.) आमच्या ऑफिसात लॅपटॉपमधून बाहेर पडलं ते असं, "चॅम्फर एक... ठेवा." मध्ये दोन सेकंद चित्र गोठलं, साहेबांचं तोंड उघडंच राहिलं, मग परत सुरू झालं आणि बोलणं पुढच्या पॉइंटवर गेलं. मामांनी (आमचे शॉप सुपरवायझर, सगळे मामाच म्हणतात) "होय साहेब, होय साहेब" केलं, खाली जाऊन ऑपरेटरला सांगितलं, आणि बुधवारी सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत १४० पीसना एक बाय पंचेचाळीसचा (एक मिलिमीटर, पंचेचाळीस अंशाचा) चॅम्फर मारून झाला होता. लोखंड काढलं की काढलं, परत चिकटवता येत नाही. काही पीस डेव्हिएशन (म्हणजे फरक चालवून घ्यायची परवानगी) मागून कसेबसे चालवले, बाकीचे अजून शेडच्या मागं ड्रममध्ये पडून आहेत, पावसात गंजून लाल झालेत.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी त्या मंगळवारच्या मीटिंगच्या मागं लागलो होतो. मी खरं म्हणजे स्टोअर आणि डिस्पॅच बघतो, पण प्रिंटर अडला की हाक मलाच, त्यामुळं हे पण माझ्याच गळ्यात आलं. शेवटी जे सापडलं ते "नेट कमी आहे" हे नव्हतं. म्हणजे नेट कमी होतंच, आजही आहे, पण मीटिंग तुटत होती ती त्यानं नाही.

आधी जागा सांगतो. बेळगावातून खानापूर रोडला उद्यमबाग, पिरनवाडी सोडून पुढं आलं की मच्छे, तिथं आमचं मशीन शॉप. बाहेरून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) येतं, आम्ही मशीनिंग करून पुण्याला पाठवतो. वर पोटमाळ्यावर ऑफिस, नऊ माणसं, पत्र्याचं छप्पर. नेट म्हणजे जुन्या टेलिफोनची तांब्याची लाइन. कागदावर एडीएसएल टू प्लस (टेलिफोनच्या तारेवरनं नेट द्यायची पद्धत) २४ एमबीपीएसपर्यंत जातं, पण ते एक्स्चेंजच्या दारात बसलेल्याला, आम्ही तिथनं तीन-एक किलोमीटरवर आणि तांब्यात जेवढं अंतर वाढेल तेवढा सिग्नल विरतो. आमच्या मोडेमच्या पानावर डाउनलोड ८ आणि अपलोड ०.९ दिसायचं. फायबर आहे की, मेन रोडवर येऊन थांबलंय, आमच्या गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर. "पुढच्या महिन्यात" हे मी किती वेळा ऐकलंय ते मोजणं सोडून दिलंय.

चॅम्फरच्या भानगडीनंतर मालकांनी पहिलं काय केलं तर मोठा प्लॅन घेतला. कुणीही हेच करेल, मी पण तेच म्हटलो होतो, खोटं कशाला बोला. महिन्याला पैसे जास्त जायला लागले आणि मोडेमच्या पानावर तेच ८ आणि तेच ०.९, कारण कागदावरचा आकडा वाढवून तांब्याची तार काय जाड होत नाही! वर जुलै लागला. बेळगावचा जुलै ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. लाइन आणखी बिघडली, टेलिफोन उचलला की भजी तळल्यासारखी खरखर. मोडेमवर एसएनआर मार्जिन म्हणून एक आकडा असतो, लाइन टिकायला लागतो त्यापेक्षा सिग्नल किती वर आहे ते सांगणारा, तो साधारण ६ डेसिबलच्या खाली आला की लाइन पडायला बघते, आमचा ४ वर येऊन बसलेला. लाइनमन आला, रेनकोट घालून पोलवर चढला, जॉइंट उघडून बघतो तर आत पाणी. त्यानं जोड कापून नवीन जेलवाले कनेक्टर घातले, चहा पिऊन गेला. चांगला माणूस. खरखर गेली, मार्जिन ९ वर आलं, आणि पुढच्या मंगळवारी अकराला मीटिंग परत तुटली!

इथं मला पहिल्यांदा संशय आला. लाइन खराब असती तर कधीही तुटली असती, आमचं बरोबर अकराच्या पुढंमागं सुरू व्हायचं आणि साडेअकराला आपोआप बरं व्हायचं. दुपारी त्याच लॅपटॉपवरनं मी माझ्या मेव्हण्याशी व्हिडिओवर बोललो, लख्ख चाललं.

मग जरा हिशोब घालून बसलो. झूमवाल्यांनी स्वतःच किती बँडविड्थ लागते ते दिलेलं आहे: ग्रुप मीटिंगमध्ये बऱ्यापैकी व्हिडिओ पाठवायला अपलोड १ एमबीपीएस, ७२०पी पाहिजे तर २.६, आणि नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस. शेवटचा आकडा परत वाचा. आवाजाला व्हिडिओच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी लागतंय. म्हणजे आमच्या ०.९ मध्ये आवाज दहा वेळा बसेल, पण एक धड व्हिडिओ बसत नाही. आणि आम्ही काय करत होतो? मामा एका लॅपटॉपवर, क्वालिटीचा पोरगा दुसऱ्या, पर्चेसच्या मॅडम तिसऱ्या, मी चौथ्या, सगळे एकाच खोलीत हाताच्या अंतरावर, सगळ्यांचे कॅमेरे चालू, का तर "पुण्याला वाटायला पाहिजे आपली टीम आहे म्हणून." ॲप तसं शहाणं असतं, जागा कमी दिसली की चित्र बारीक करतं, त्यामुळं चौघं मिळून पण कसंतरी रेटून न्यायचो. पण कड्यावर उभं असल्यासारखं, बाहेरून कुणीतरी एक बोट लावलं की खाली.

ते बोट कुणाचं ते शोधायला मी एका मंगळवारी मीटिंगला न बसता स्विचपाशी (ऑफिसच्या सगळ्या नेटच्या वायरी जिथं जोडल्यात त्या डबीपाशी) स्टूल टाकून बसलो. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग चालू ठेवला, म्हणजे एक बारीक निरोप नेटवर जाऊन यायला किती वेळ लागतो ते, दर सेकंदाला एक ओळ. पावणेअकराला ३५ मिलिसेकंद, ३८, ३५. मीटिंग सुरू झाली, ६०, ९०, ७०. ठीक. अकरा वाजून चार मिनिटांनी ४००, मग ८००, मग ११५०, आणि आतून मामांचा आवाज, "साहेब, तुमचा आवाज रोबोसारखा येलाय." आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) जी.११४ म्हणून शिफारस आहे, बोलणं नीट चालायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत पाहिजे म्हणते, आणि ४०० च्या वर तर जाऊच देऊ नका. आमचा जाऊन-येऊन सेकंदाच्या वर. स्विचवर तीन नंबरचा दिवा इतक्या जोरात लुकलुकत होता की सलग पेटल्यासारखा दिसत होता. वायर धरली आणि हातानं चाचपत गेलो, टेबलाच्या खालनं, गोदरेजच्या कपाटामागनं, आणि निघालो कुठं तर अकौंटंट काकांच्या पायापाशी.

काका साडेदहाला येतात, देवाला उदबत्ती लावतात, चहा घेतात, आणि अकराला टॅलीचा बॅकअप घेतात. रोज, चुकवत नाहीत. सात-आठ वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात वीज पडून कॉम्प्युटर जळला होता आणि तीन महिन्यांच्या एंट्र्या गेल्या होत्या, तेव्हापासनं बॅकअप म्हणजे काकांची दुसरी पूजाच आहे. आधी पेनड्राइव्हवर घ्यायचे. गेल्या वर्षी मीच, होय मीच, शहाणपणा करून त्यांना असं फोल्डर करून दिलं की त्यात टाकलेली फाइल आपोआप इंटरनेटवर चढते. फाइल १८० एमबीची. १८० एमबी म्हणजे १४४० मेगाबिट, त्याला ०.९ नं भागा, सोळाशे सेकंद, म्हणजे सत्तावीस मिनिटं. अकरा ते साडेअकरा. चोर घरातच होता आणि दार मीच उघडून दिलेलं.

आता तुम्ही म्हणाल मिळालं की उत्तर. थांबा, अर्धंच मिळालंय. पुढच्या मंगळवारी काकांचा बॅकअप मी गपचूप थांबवून ठेवला तरी एकदा मीटिंग तुटली, आणि या वेळी दिवा पेटला पाच नंबरचा, तो सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंगच्या डब्याचा). मालक टिळकवाडीतल्या घरनं मीटिंगला बसतात, त्यांच्याकडं फायबर आहे, त्यामुळं त्यांना नेहमी वाटायचं की बिघाड आमच्याच बाजूला (बरोबर होतं म्हणा). आणि ऑफिसचं चित्र जरा अडकलं की मालक काय करायचे? मोबाइलवर सीसीटीव्हीचं ॲप उघडायचे, ही माणसं तिकडं करतायत काय म्हणून बघायला! चार कॅमेरे एकदम, मोठ्या चित्रात. ते चित्र कुठनं जाणार, त्याच ०.९ मधनं. म्हणजे मीटिंग थोडी अडकली की मालक कॅमेरा उघडणार, कॅमेरा उघडला की मीटिंग पूर्ण झोपणार, मीटिंग झोपली की मालक आणखी काळजीनं कॅमेऱ्याकडं बघत बसणार. हे कळल्यावर मला हसू आवरेना आणि सांगायचं कसं ते पण कळेना.

मालकांना सांगताना मी रेल्वे गेटचं उदाहरण दिलं. तिसऱ्या गेटला पूल व्हायच्या आधी काय व्हायचं ते या रोडनं जाणाऱ्या प्रत्येकानं भोगलंय. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर लावून गेटपाशी उभे, त्यांच्या मागं ॲम्ब्युलन्स. ॲम्ब्युलन्स किती लहान गाडी, पण लाइनीत आहे तर आहे, पुढचा ऊस हलल्याशिवाय तिला वाट नाही. गेटच्या पलीकडं रस्ता चारपदरी केला म्हणून तिला काय फायदा? आमचा मोडेम म्हणजे ते गेट, बॅकअप म्हणजे ऊस, आणि आवाज म्हणजे ॲम्ब्युलन्स. मोडेमच्या पोटात एक रांग असते, समजा १२८ केबीची, ती ०.९ नं रिकामी व्हायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे आवाजाचा प्रत्येक तुकडा सव्वा सेकंद रांगेत उभा. बॅकअपला उशिराचं काही वाटत नाही, तुकडा हरवला तर परत पाठवतो, शांतपणे सगळी रांग भरून ठेवतो. आवाजाचं तसं नाही, वेळेत नाही आला तर पलीकडचं ॲप तो टाकून देतं आणि पुढं जातं. तसंच येणाऱ्या आवाजाचं, कारण आमचं ॲप "माझ्याकडं हाल चाललेत, कमी पाठवा" हे पुण्याला कळवतं ते पण याच रांगेतनं. शिवाय आमच्या त्या वेळच्या वायफायनं पण हातभार लावला असणार. आमचं "नको, पॉइंट फाइव्ह" असंच कुठंतरी पडलं.

या रांगेच्या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटीस नावाच्या इंजिनिअरनं २०१० च्या सुमाराला स्वतःच्या घरच्या लाइनवर हेच बघून यावर बोंब ठोकायला सुरुवात केली होती. औषध पण आहे, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल (रांग लांबू न देण्याची युक्ती) काढलं, त्याचंच पुढचं एफक्यू-कोडेल २०१८ ला आरएफसी ८२९० म्हणून (इंटरनेटच्या तांत्रिक कागदपत्रांत) छापलं गेलं, आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेल्या साध्या राउटरमध्ये ते फुकट मिळतं. घरी एक जुना राउटर पडलेला होता, त्यात रविवारी बसून ओपनडब्ल्यूआरटी घातलं (पहिल्यांदा चुकलं, राउटर मेला असं वाटून जेवलो पण नाही), मोडेमला ब्रिजवर टाकला (म्हणजे तो नुसता तारेचा जोड, बाकी काम राउटरचं) आणि एसक्यूएममध्ये, म्हणजे रांग सांभाळायच्या सेटिंगमध्ये, अपलोड ९०० केबीपीएसचं ७६५ केलं. मुद्दाम कमी. हे लोकांना पटत नाही, आहे त्यातलं पण कमी करायचं म्हणजे काय, पण त्यामुळं रांग मोडेमच्या पोटात न लागता राउटरमध्ये लागते, आणि राउटरला ॲम्ब्युलन्स ओळखता येते, उसाच्या चार गाड्या सोडायच्या आधी तिला सोडतो. एक बारीक गोष्ट, एडीएसएलवर माल ५३ बाइटच्या डब्यात जातो आणि त्यात खरा माल ४८ च बाइटचा, तर सेटिंगमध्ये एटीएम (या डब्यांच्या पद्धतीचं नाव, बँकेचं नव्हे) निवडायला विसरू नका, नाहीतर हिशोब चुकतो. मी आधी विसरलो होतो.

सोमवारी काकांना सांगून भर ऑफिसच्या वेळेत बॅकअप चढवला आणि पिंग बघितला. ५५, ६२, ५८. मी खुर्चीतनं उठून काकांना नमस्कार केला, त्यांना काय समजलं नाही.

तरीपण बॅकअपची वेळ बदलायचीच होती, आणि हे राउटरपेक्षा अवघड निघालं. काका म्हणाले, "अकराला घ्यायचा म्हणजे अकराला, दुपारी लाइट गेली तर?" मी युपीएसचं सांगितलं, ते म्हणाले युपीएसचा भरवसा तू दे. शेवटी तोडगा निघाला तो असा: अकराला पेनड्राइव्हवर, पूर्वीसारखा, आणि इंटरनेटवर दीड वाजता, सगळे डबे उघडतात तेव्हा. काकांना पेनड्राइव्ह परत मिळाला म्हणून ते उलट खूश. डीव्हीआरमध्ये मोबाइलसाठी लहान चित्र जाईल असं सबस्ट्रीम लावलं. कामगारांच्या मोबाइलचं पण एक होतं, ऑफिसच्या वायफायला आले की फोटो आपोआप चढायला लागायचे, ४ एमबीच्या एका फोटोला आमच्या लाइनवर पस्तीस सेकंद, आणि गणपतीनंतर प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन-दोनशे फोटो. त्यांना वेगळं वायफाय करून त्याचं अपलोड आवळलं. पोरांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं.

मीटिंगची रीत बदलली ती मात्र मामांमुळं. एक खोली, एक लॅपटॉप, तो पण वायफायवर नाही, केबलवर, मध्ये एक स्पीकरफोन. एचडी बंद. कॅमेरा सुरुवातीला दोन मिनिटं, नमस्कार-चमत्कार होईपर्यंत, मग बंद. ड्रॉइंग दाखवायचं असलं की स्क्रीन शेअर, त्याला झूमच्याच हिशोबानं ५० ते ७५ केबीपीएस लागतं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, कारण ड्रॉइंग हलत नाही. पण मामांचं म्हणणं असं की हे सगळं करून पण आवाजावर त्यांचा विश्वास नाही. एकदा १४० पीस गेलेत. त्यांनी स्वतःहून नियम काढला: कुठलाही आकडा तोंडी घ्यायचा नाही, पुण्याच्या साहेबांनी चॅटमध्ये टाइप करायचा, मामा तो मोठ्यानं वाचणार, आणि मगच खाली जाणार. खाली ऑपरेटर कन्नड बोलणारा, त्याला पण मामा आकडा पाटीवर लिहूनच देतात आता. मला विचाराल तर राउटरपेक्षा हे जास्त कामाचं निघालं, राउटर मी लावला असला तरी.

पीस कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचं ते मात्र काही केल्या जमेना. ब्लोहोल (कास्टिंगमधलं हवेचं भोक) म्हणजे केवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा, ७६५ केबीपीएसमध्ये तो नुसता डाग दिसतो, फोकसमध्ये आहे का नाही ते पण कळत नाही. फोटो आदल्या दिवशी मेल करायला लागलो त्यानं बरंच भागलं. तरी कधी कधी साहेब म्हणतात, "जरा फिरवून दाखवा." मोबाइलचं फोरजी शेडमध्ये येत नाही, चारी बाजूला आणि डोक्यावर पत्रा, सिग्नल आत शिरायला जागाच नाही. कंपाउंडच्या कोपऱ्यात फणसाचं झाड आहे, तिथं मात्र चार काड्या येतात. तर ऑगस्टमध्ये एका मंगळवारी हे दृश्य होतं: भर पावसात फणसाखाली मामा, एका हातात सहा किलोचं कास्टिंग, क्वालिटीच्या पोरानं एका हातानं छत्री धरलेली आणि दुसऱ्यानं मोबाइल, आणि मोबाइलमधनं पुण्याचे साहेब, "थोडं उजवीकडे... हां, हां, दिसलं." त्या दिवशी त्या पीसवर निर्णय पाच मिनिटांत झाला. एरवी त्याला आठवडा, कुरिअर आणि सतरा मेल लागले असते. साहेबांनी विचारलं तुम्ही बागेत का उभे आहात. मामा म्हणाले, "साहेब, कॉन्फरन्स रूम हाय आमचं."

सगळं सुटलंय असं नाही. लाइट गेली की युपीएसवर राउटर आणि मोडेम चालतात पण टेलिफोनवाल्यांच्या लांबच्या कॅबिनेटची बॅटरी दम तोडते कधी कधी, मग आम्ही सरळ मोबाइलवर साधा कॉन्फरन्स कॉल लावतो, झूम सोडून देतो. जास्त पैशाचा प्लॅन बंद करायला अर्ज दिलाय, तो बंद व्हायला प्लॅन घेण्यापेक्षा जास्त दिवस लागतायत. एकाच वेळी दोन मीटिंगा आल्या तर एकीला नाही म्हणावं लागतं. फायबर अजून मेन रोडवरच आहे.

गेल्या मंगळवारी मीटिंग चालू असताना माझा फोन वाजला, मालक. मी खोलीबाहेर जाऊन उचलला. हळू आवाजात विचारलं त्यांनी, "काय रे, कॅमेरा उघडू काय आता?"

"अजून दहा मिनिटं मालक," म्हटलं.

"बरं बरं," म्हणाले, आणि ठेवला.